पाळीची तारीख आणि बाईचे मन

(म्हैसूरजवळ येलवाल येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्या रेल्वे मेल सेवेतून सॉर्टर म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या भगिनी आहेत.)



येलवाल म्हटले की माझ्या पिढीच्या मराठी माणसाला विनोबा आठवतात. २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ रोजी याच गावी ग्रामदान परिषद भरली होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते, पंतप्रधान नेहरू आले होते, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपादही आले होते. एरवी एकमेकांच्या विरोधात भाषणे करणारी ही माणसे जमिनीच्या प्रश्नावर एकत्र बसली आणि बोलली. आपल्याकडेही झेंडे वेगवेगळे असतात. पण काही प्रश्न असे असतात की तिथे झेंडा खाली ठेवून बसावे लागते.

आज मला दिलेला विषय तसाच आहे. बाईची पाळी, आणि त्या पाळीचा तिच्या शरीरसुखाच्या इच्छेशी असलेला संबंध. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत खसखस पिकली, ती मी ऐकली. हसा, हरकत नाही. मीही पहिल्यांदा हा विषय बोलले तेव्हा घाम फुटला होता. पण महागाई भत्त्यावर आपण दोन दोन तास बोलतो. ज्या गोष्टीशी घरातल्या निम्म्या माणसांना पस्तीस-चाळीस वर्षे दर महिन्याला गाठ घालावी लागते, तिच्यावर एक तास बोलायला लाज का वाटावी?

काल संध्याकाळी मी इथे एक रिकामा डबा ठेवला होता. नाव न घालता चिठ्ठी टाका, असे सांगितले होते. आज सकाळी डबा उघडला तर सतरा चिठ्ठ्या निघाल्या. अक्षरावरून आणि मजकुरावरून बहुतेक पुरुषांच्या वाटल्या. म्हणजे प्रश्न आहेत, विचारायला जागा नाही. मी भाषण लिहून आणले होते, ते बाजूला ठेवते आणि या चिठ्ठ्यांनाच उत्तरे देते.

पत्राने आलेले प्रश्न

चिठ्ठ्यांची ही रीत माझी नव्हे. ती मुंबईच्या एका प्राध्यापकाची आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते. म्हणजे या बाबतीत आपण जगाच्या मागे नव्हतो. या कामापायी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. पाठीशी पत्नी मालतीबाई होत्या.

या मासिकात वाचक प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तर देत. त्या उत्तरांमुळेच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर कोणी विचारले आणि जाणकाराने उत्तर दिले तर त्यात अश्लील काय, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाला ते पटले नाही. कर्व्यांना दंड झाला. तो भरून त्यांनी मासिक चालूच ठेवले.

मला या हकिगतीत आणखी एक गोष्ट दिसते. वाचकांचे ते प्रश्न मुंबईपर्यंत पोचले कसे? पत्राने. मासिक परत वाचकाकडे गेले कसे? टपालाने. रात्रीच्या गाडीत, मेल व्हॅनमध्ये कुणीतरी ती पाकिटे सॉर्ट केली, कुणा पोस्टमनने ती दारात नेऊन दिली. तो पोस्टमन आपलाच पूर्वज होता. समोर बसून जे विचारता येत नव्हते ते पाकिटात घालून विचारता आले, ही टपाल खात्याची मोठी कामगिरी आहे. आपण ती कधी मोजत नाही.

आणि कर्व्यांचे एक मत त्या काळात फार झोंबणारे होते. शरीरसुखाची इच्छा पुरुषाइतकीच बाईलाही असते आणि तिच्या तृप्तीचा विचार व्हायलाच हवा, असे ते सांगत. आज हे ऐकून कोणी कोर्टात जात नाही. पण घरात किती जण मानतात, ते तुमचे तुम्ही पाहा.

पहिली चिठ्ठी : ‘पाळी नेमकी कशामुळे येते? तारीख पुढेमागे का होते?’

चांगला प्रश्न. थोडक्यात सांगते. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. दर महिन्याला तिला आतून मऊ अस्तर येते. मूल राहिले तर ते तिथे रुजावे म्हणून ही तयारी. साधारण महिन्यातून एकदा बीजकोशातून एक स्त्रीबीज सुटते. मूल राहिले नाही की ते अस्तर सुटून रक्ताबरोबर बाहेर पडते. तीच पाळी. त्यात घाण काही नाही. एका पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाते. ऐंशीच्या वर जाऊ लागले तर ते जास्त समजावे आणि डॉक्टरांकडे जावे.

पाळी अठ्ठावीस दिवसांनीच यायला हवी असे नाही. एकवीसपासून पस्तीस दिवसांपर्यंतचे चक्र सर्वसाधारण मानतात. तारीख का हलते, हे रेल्वेवाल्यांना लवकर समजेल. स्त्रीबीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत साधारण चौदा दिवस लागतात. या टप्प्यात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो बीज सुटण्याआधीच्या टप्प्यात. आजारपण, उपास, काळजी, वजन घटणे, लागोपाठच्या रात्रपाळ्या, यांनी बीज सुटायला उशीर होतो. म्हणजे गाडी उशिरा सुटते, पण एकदा सुटली की पुढचे अंतर ठरल्या वेळात कापते. मग घरात ओरड होते की पाळी लांबली. लांबते ती बहुधा सुरुवात.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. अमुक दिवस ‘सुरक्षित’ म्हणून त्यांवर विसंबू नका. गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत भलेभले डॉक्टर पाळीच्या आसपासचे दिवस मूल राहण्याचे आणि महिन्याच्या मधले दिवस सुरक्षित, असे सांगत. नेमके उलटे. हा घोळ १९२० च्या दशकात जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस यांनी निस्तरला. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते. आणि गाडी कधी सुटणार हे आधी कळत नाही. मग हिशेब चुकतो, आणि तो कोणाला फेडावा लागतो हे मी सांगायला नको.

दुसरी चिठ्ठी : ‘बायकांना महिन्यातल्या कोणत्या दिवशी इच्छा होते?’

हा प्रश्न एका नव्हे, चार चिठ्ठ्यांत आहे. म्हणून जरा सविस्तर बोलते.

मेरी स्टोप्स बाईंनी १९१८ साली एक पुस्तक लिहिले. बाईच्या इच्छेला महिन्यात दोन भरत्या येतात, एक पाळीच्या आधी आणि एक मधल्या दिवसांत, असे त्यांनी मांडले. तोवर बाईला स्वतःची इच्छा असते हेच बहुतेकांना मान्य नव्हते. त्या दृष्टीने ते धाडसाचे होते. पण भरती प्रत्येकीला त्याच दिवशी येते असे पुढे दिसले नाही.

नंतर बरेच अभ्यास झाले. सुरुवातीला संशोधक काय करत, तर जोडप्याचा संबंध कोणत्या दिवशी आला ते मोजत. यातली चूक तुमच्या लक्षात आली का? संबंध कोणत्या दिवशी आला यावरून बाईची इच्छा कशी कळणार? त्यात नवऱ्याची इच्छा मोजली जाते, सुट्टीचा वार मोजला जातो. १९७८ साली अमेरिकेतील एका अभ्यासात निराळा प्रश्न विचारला गेला : पुढाकार कोणी घेतला? तेव्हा दिसले की बीज सुटण्याच्या सुमारास बायकांनी स्वतःहून पुढाकार घेण्याचे प्रमाण वाढते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत ही वाढ दिसली नाही. गोळीने बीज सुटणेच थांबते, त्यामुळे हे जुळते.

अलीकडच्या मोठ्या अभ्यासांतूनही साधारण हेच चित्र दिसते. बीज सुटण्याआधी इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक वाढते, तेव्हा सरासरीने इच्छा थोडी वाढते. नंतर प्रोजेस्टेरॉन वाढते, तेव्हा ती थोडी उतरते. मी ‘सरासरीने’ आणि ‘थोडी’ हे दोन शब्द मुद्दाम वापरले. कारण बाईबाईत फार फरक असतो. कुणाला पाळीच्या आधी इच्छा होते, कुणाला पाळी चालू असताना, कुणाच्या बाबतीत तारखेचा काही संबंधच दिसत नाही. मधल्या दिवसांत बायकांची पुरुषांबद्दलची आवडच बदलते, त्यांना राकट चेहरे आवडू लागतात, असेही काही वर्षे वर्तमानपत्रांतून छापून येत होते. मोठ्या प्रमाणावर पडताळणी केली तेव्हा ते टिकले नाही.

आता मी माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझे यजमान गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, तेव्हा गार्डच म्हणत. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर होते. त्याच्यावर दूध, गॅस आणि माझ्या पाळीची तारीख, तिन्हीच्या खुणा मी पेन्सिलीने करायची. यजमानांनी कुठल्याशा मासिकात या ‘मधल्या दिवसां’बद्दल अर्धवट वाचले. मग काय, त्यांनी रनिंग रूममधल्या मोकळ्या वेळात हिशेब मांडला. एकदा दोन रात्रींच्या ड्यूटीनंतर घरी आले. मीही सेटवरून नुकतीच उतरले होते. कॅलेंडरकडे बघून म्हणाले, ‘आज तुझी तारीख चांगली आहे.’

मी म्हटले, ‘तारीख चांगली असेल. मी चांगली नाही. रात्रभर बॅगा ओढून पाठ मोडली आहे आणि धाकटीला ताप आहे.’

ते गप्प बसले. मग उठून त्यांनी भात टाकला. त्यानंतर त्यांनी कॅलेंडर बघून कधी काही ठरवले नाही. विचारू लागले. आणि खरे सांगते, विचारू लागल्यावर मी ‘हो’ म्हणायचे प्रसंग वाढले. तारखेने फरक पडला नसेल इतका त्या विचारण्याने पडला.

बाईच्या इच्छेवर संप्रेरकांचा परिणाम होतो, हे खरे. पण त्याहून मोठे परिणाम करणाऱ्या गोष्टी घरातच आहेत. मूल राहण्याची धास्ती. अंगदुखी. एका खोलीच्या क्वार्टरमध्ये पडद्यापलीकडे झोपलेले सासू-सासरे. दिवसभरात कुणी एक शब्द प्रेमाने न बोलणे. आणि रक्ताची कमतरता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. रक्त कमी असलेल्या बाईला जिना चढताना धाप लागते. तिच्याकडून रात्री उत्साहाची अपेक्षा करायची आणि मग ‘ही थंड आहे’ म्हणायचे, हा न्याय नव्हे. आधी तिच्या ताटात काय पडते ते बघा.

मूल राहण्याच्या धास्तीबद्दलही एक आकडा सांगते. त्याच पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्के ठिकाणी बाईने नसबंदी करून घेतली होती. पुरुषाने करून घेतल्याचे प्रमाण होते ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाके न घालता होणारी, त्याच दिवशी घरी सोडणारी. तिने ताकद जात नाही, पुरुषपण जात नाही. तरी ०.३! संप असला की पुढे असणारे आपले बंधू इथे मात्र मागे राहतात.

तिसरी चिठ्ठी : ‘पाळीच्या दिवसांत जवळ जाणे पाप आहे काय? आई म्हणते विटाळ असतो.’

मनुस्मृतीत पाळीपासून सोळा रात्री ऋतुकाल मानला आहे आणि त्यातल्या पहिल्या चार रात्री वर्ज्य सांगितल्या आहेत. आपल्या घरांत ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’ हे शब्द आपण लहानपणापासून ऐकले. या रिवाजाची बाजू घेणाऱ्या वयस्क बायका मला भेटतात. त्या म्हणतात, ‘अगं, निदान चार दिवस चूल तरी सुटायची.’ त्यांचे दुःख खरे आहे. विश्रांती मिळायला हवी, पण तिच्यासाठी अस्पृश्य व्हावे लागू नये.

वैद्यकशास्त्राचे म्हणाल तर, दोघांची इच्छा असेल तर त्या दिवसांतल्या संबंधात अपाय नाही. काही बायकांना त्याने ओटीपोटातल्या कळा हलक्या झाल्यासारख्या वाटतात. स्वच्छता ठेवावी, निरोध वापरावा, कारण रक्तावाटे होणाऱ्या रोगांचा धोका त्या दिवसांत थोडा जास्त असतो. आणि तिला नको असेल तर विषय तिथेच संपला. नको असण्याला विटाळाचे कारण लागत नाही.

याच चिठ्ठीच्या उलट बाजूची एक हकिगत सांगते. आमच्या एका शाखेच्या बैठकीत मी बायकांच्या स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीचा प्रश्न काढला. जरा आवाज चढला असेल. एक बंधू हसून म्हणाले, ‘ताई, आज तुमचे दिवस दिसतात.’ सगळे हसले. तेव्हा माझे वय बावन्न होते. पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती. मी ते सांगितल्यावर कुणी हसले नाही, पण कडीचा विषयही पुढच्या बैठकीवर गेला.

पूर्वी विटाळ म्हणून बाईला बाहेर बसवत. आता संप्रेरकांचे नाव घेऊन तिचे बोलणे उडवून लावतात. शब्द बदलले तरी ती बाहेरच बसली. पाळीच्या आधी काहींना चिडचिड होते, उदास वाटते, थोड्याजणींना तर फार त्रास होतो आणि त्यावर उपचारही आहेत. पण चिडलेल्या बाईची तक्रार खोटी असते, असे कुठल्याही शास्त्राने सांगितलेले नाही. कडी तुटलेलीच होती.

चौथी चिठ्ठी : ‘बायकोची पिशवी काढली आहे. आता तिला काही इच्छा नाही म्हणते. हे कायमचे का?’

ही चिठ्ठी वाचून मी बराच वेळ थांबले. ज्या भावाने ती लिहिली त्याला मी मानते.

पिशवी काढली म्हणून इच्छा जात नाही. रक्तस्रावाने हैराण झालेल्या कित्येकींना शस्त्रक्रियेनंतर बरेच वाटते. पण पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एकाएकी बंद होते. बाई तिशी-पस्तिशीत असली तरी शरीर पाळी गेलेल्या बाईसारखे होते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे लवकर ठिसूळ होतात, आणि योनिमार्ग कोरडा पडून संबंधाच्या वेळी दुखते. जे दुखते ते कुणाला हवेसे वाटेल? याला उपाय आहेत. वंगणाच्या जेली मिळतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने संप्रेरकांचे मलम किंवा गोळ्या मिळतात. म्हणून त्या भावाला सांगते : शस्त्रक्रियेचा कागद शोधा, बीजकोश काढलेत का ते पाहा, आणि बायकोला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. तिला दोष देऊ नका, स्वतःलाही नको.

पण पिशव्या एवढ्या का काढल्या जातात? इथे हा विषय तुमच्या-माझ्या घराबाहेर जातो. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला हजारो जोडपी ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि इकडे कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो. पाळीत पोट दुखले, रक्त जास्त गेले, तरी थांबायला जागा नाही. फडात संडास नाही, पाणी नाही. जंतुसंसर्ग होतो, अंगावर जाऊ लागते. मग कुणी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि पिशवी काढतात. २०१९ साली हा प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला, विधिमंडळात गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीडमधल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायकांमागे एक!

या बायकांच्या इच्छेचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नसेल. खाडा वाचवण्यासाठी दिलेली किंमत किती मोठी होती, ते वर मी सांगितलेच. कामाच्या ठिकाणी पाळीला जागा नसली की तिचे परिणाम अंथरुणापर्यंत जातात. हा विषय कामगार संघटनेचा आहे की नाही, याचे उत्तर मला यात दिसते.

आपल्याकडे परिस्थिती तितकी वाईट नाही. पण साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत आल्या आणि पुढे आशियातील पहिल्या महिला इंजिनचालक म्हणून नावाजल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. एका बाईची सबंध नोकरी होऊन गेली, तरी प्रत्येक इंजिनात स्वच्छतागृह नाही. काही इंजिनांत सोय झाली, बाकीची वाट बघतात. रुळांवर काम करणाऱ्या, गेट सांभाळणाऱ्या बहिणींचे हाल त्याहून जास्त. पाणी कमी प्यायचे, लघवी दाबून ठेवायची, एकच पॅड दिवसभर ठेवायचा. ग्रामीण टपालसेविकेची तर पिशवी खांद्यावर आणि स्वच्छतागृह कुणाच्या तरी घरी.

रजेबद्दल दोन चिठ्ठ्या आहेत. बिहारमध्ये सरकारी नोकर स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची रजा आहे. जपानने १९४७ च्या कामगार कायद्यातच ती घातली. ज्या राज्यात आपण बसलो आहोत त्या कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने ९ ऑक्टोबर २०२५ रोजी वर्षाला बारा दिवसांची पगारी रजा मंजूर केली. नोव्हेंबरमध्ये आदेश निघाला, आणि मालकांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. अशी रजा सक्तीची केली तर मालक बायकांना नोकरीच देणार नाहीत, अशी शंका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बोलून दाखवली होती. शंका अगदीच खोटी नाही. पण प्रसूती रजेच्या वेळीही तेच म्हणत होते. मला वाटते, रजेवर वाद घालत बसण्याआधी कडी, पाणी, कचऱ्याचा डबा आणि बसायला बाक एवढे तरी मिळवू. त्याला कुणाची हरकत नसावी. तरी मिळत नाही, कारण मागणीपत्रकात ते शेवटच्या कलमात असते आणि वाटाघाटीला वेळ संपतो.

शेवटची चिठ्ठी : ‘बायको सारखी नाही म्हणते. नवऱ्याने काय करावे?’

मगाच्या पाहणीतच एक प्रश्न होता. नवऱ्याला लैंगिक आजार असेल, त्याचे बाहेर संबंध असतील, किंवा ती थकलेली असेल, तिची इच्छा नसेल, तर बायकोने नकार देणे योग्य आहे का? या तिन्ही कारणांना योग्य म्हणणाऱ्या स्त्रिया ८० टक्के होत्या, पुरुष ६६ टक्के. म्हणजे दर तीन पुरुषांतल्या एकाला यातले निदान एक तरी कारण पुरेसे वाटत नाही. या सभागृहातही तसे असतील. त्यांना मी इतकेच विचारते : साहेबाने डबल ड्यूटी सांगितली आणि अंगात त्राण नसेल, तर ‘नाही’ म्हणायचा हक्क आपल्या संघटनेने लढून मिळवला ना? तो हक्क दारातून आत आल्यावर संपतो का?

चिठ्ठी लिहिणाऱ्या भावाला मात्र ओरडायचे नाही. तो विचारतो आहे, हीच चांगली गोष्ट. त्याने हाच प्रश्न घरी विचारावा. ‘का नाही म्हणतेस’ असा जाब नव्हे. दुखते का, भीती वाटते का, दमतेस का, माझे काही चुकते का, असे. उत्तर लगेच मिळणार नाही. वर्षानुवर्षे कोणी विचारलेले नसते, तिला स्वतःलाही शब्द सापडत नाहीत. थांबावे लागेल. दुखत असेल तर डॉक्टर आहेत. दर दहा बायकांमागे साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा आजार असतो. त्यात पाळी आणि संबंध दोन्ही असह्य दुखतात, आणि घरचे म्हणतात नाटक करते. भीती असेल तर ती घालवणे तुमच्या हातात आहे. दमत असेल तर भात टाकायला शिका. आमच्या गार्डसाहेबांना आला, तुम्हालाही येईल.

भगिनींनाही एक सांगते. आपणही बोलत नाही. इच्छा झाली तर ‘बाई असून’ म्हणून गिळतो, नसली तर ‘बायको आहे’ म्हणून सोसतो. मुलीला पाळी आली की पॅड हातात देतो आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणतो. पहिला धडाच गप्प राहण्याचा. निदान तेवढा बदलू या. आणि मुलालाही समजावून सांगू या, तो उद्या कुणाचा तरी नवरा होणार आहे, कुणाचा तरी साहेबही.

उरलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरे जेवणानंतर देईन. डबा मी इथेच ठेवते आहे. आपापल्या शाखेत गेल्यावर असाच एक डबा ठेवा, महिन्यातून एकदा उघडा, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंना बोलवा. खर्च एका डब्याचा.